इस्राएल मोहल्ल्यातल्या आजी

तापीकाठच्या सारंगखेड्यात माझे बालपण गेले. दत्तजयंतीला आमच्या गावी घोड्यांची मोठी यात्रा भरते. दूरदूरचे व्यापारी येतात, नाना बोली कानांवर पडतात. पण ज्यू माणूस मी कधी पाहिला नव्हता. ज्यू म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला कुणी परदेशी, एवढीच माझी समजूत!

गेल्या उन्हाळ्यात ठाण्याला मामांकडे गेलो. शेजारी एक वृद्ध आजी एकट्याच राहत. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी त्या दिवा लावत आणि शनिवारी शेगडी पेटवत नसत. "त्या बेने इस्राएल आहेत," मामी म्हणाल्या. मी धीर करून विचारले, "आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"अलिबागकडच्या. तुला काय, जेरुसलेमच्या वाटले?"

मी ओशाळलो. मग त्याच सांगू लागल्या. पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, अशी त्यांच्या समाजाची परंपरा. वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. राहत्या गावांवरून आडनावे पडली : दिवेकर, किहीमकर, पेणकर. पुढे पोटापाण्यासाठी मंडळी मुंबईला आली.

एके दिवशी आजी मला त्यांच्या जुन्या मोहल्ल्यात घेऊन गेल्या. मशीद स्टेशनावर उतरून, हातगाड्यांतून वाट काढत आम्ही सॅम्युएल स्ट्रीटवर पोचलो. तिथे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली स्थापन केलेले प्रार्थनामंदिर आहे. समाजात त्याला 'जुनी मशीद' म्हणतात. दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्यांनी हे मंदिर उभारले, असे सांगतात. आजींनी दाराच्या चौकटीवरील मेझुझाला बोटे लावून ती ओठांशी नेली. आमची आजी दत्ताच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाशी नेते, ते मला आठवले.

"इथे घराघरांतून आमची माणसे होती," त्या म्हणाल्या. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा : भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे. नव्या वर्षाला नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा. लग्नाआधी मेंदी आणि रात्रभर मराठी गाणी. धर्मकथांची कीर्तनेसुद्धा मराठीतच!

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि पुढच्या काळात मोहल्ला रिता होत गेला. आजींची बहीण गेली, मग मुलगा गेला. "जाणाऱ्यांना कुणी हाकलले नव्हते रे. म्हणूनच निरोप देणे जड गेले," त्या म्हणाल्या.

परतताना गाडीत त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नातू फोनवर 'शालोम' म्हणतो. मी 'जेवलास का' विचारते. पुढे दोघेही गप्प. तुझी आजी कोणती भाषा बोलते?"

"अहिराणी," मी हळूच म्हणालो. वर्गात एकदा माझ्या बोलण्याला हसू झाले, तेव्हापासून मी अहिराणी तोंडातून जाऊ देत नव्हतो. घरीही आजीला प्रमाण मराठीतच उत्तर देत होतो.

"मग तुम्हा दोघांत कोणता समुद्र आहे?" आजींनी विचारले.

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री घरी फोन लावला. आजीने उचलला. मी म्हणालो, "काय करी ऱ्हायनी माय?"

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग आजी बोलू लागली, ती कितीतरी वेळ थांबलीच नाही.