दुसऱ्याच्या पैशाची भीती

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना. मुंबईच्या एका फंडाला तिथं पैसे घालायचे होते आणि त्यांच्या वतीनं पुस्तकं तपासायला मी गेलो होतो. आमची प्रश्नावली दोनशेच्या वर प्रश्नांची असते. जमिनीचा उतारा, कोर्टकज्जे, प्रदूषण मंडळाची संमती, कामगारांचा पीएफ, अगदी मेहुण्याच्या नावावर किती माग आहेत इथपर्यंत. मालकांना शहराचा सगळा पूर्व भाग अण्णा म्हणतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "साहेब, तुमचे दोनशे प्रश्न झाले की. आता माझा एक. तुमच्या फंडाच्या मोठ्या साहेबांचे वडील काय करत होते?"

मला सांगता येईना. साहेबांचं आयआयटीचं वर्ष, अमेरिकेतलं एमबीए, पहिली नोकरी, सगळं मला पाठ होतं. फंडाच्या माहितीपत्रकात फोटोखाली छापलेलंच होतं. वडिलांबद्दल काही छापलेलं नव्हतं. "विचारून सांगतो," म्हटलं.

प्रायव्हेट इक्विटी हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांतही येतो, पण धंदा नेमका काय ते फार कमी जणांना ठाऊक असतं. पेन्शन फंड, विमा कंपन्या, श्रीमंत घराणी यांच्याकडून पैसा गोळा करायचा, तो कंपन्यांत हिस्सा म्हणून घालायचा, पाच-सात वर्षं कंपनी वाढवायची आणि हिस्सा विकून पैसा परत द्यायचा. फंड चालवणारा साधारण वर्षाला दोन टक्के फी घेतो आणि नफ्यातला पाचवा हिस्सा. या पाचव्या हिश्शाला आमच्यात 'कॅरी' म्हणतात. गावाकडं अर्धेलीनं रान करतात, तशातलाच प्रकार. फक्त अर्धेलीत रान एकाचं आणि घाम दुसऱ्याचा असतो. इथं पैसाही दुसऱ्याचा आणि घामही दुसऱ्याचा. फंडवाल्याची असते ती नजर, आणि नजरेची किंमत वीस टक्के.

सोलापूरकरांना वाटतं, हे सगळं नरिमन पॉइंटचं. पण परदेशी खासगी भांडवल आपल्या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकातच आलं होतं, तेही बार्शीला. जीआयपी रेल्वेचा मुख्य मार्ग बार्शीची कापसाची पेठ बाजूला टाकून कुर्डुवाडीवरून गेला. वीस-बावीस मैल बैलगाडीनं माल न्यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनीयर जीआयपीत इंजिनांचा तपासनीस होता. त्यानं हे अंतर पाहिलं आणि तिथं अडीच फुटी रुळांची हलकी रेल्वे टाकायचं डोक्यात घेतलं. त्यासाठी १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदवली गेली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी गाडी धावली. कॅलथ्रॉपची युक्ती भारी होती: इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. म्हणजे हलके रूळ, स्वस्त पूल, आणि तरीही भरपूर माल. पुढं १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली. वारीला या गाडीच्या टपावर बसून गेलेले म्हातारे माझ्या लहानपणी घरोघर होते. आपण लंडनच्या भागधारकांना लाभांश मिळवून देतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

या कॅलथ्रॉपची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून गेला. त्यानंतर कॅलथ्रॉपनं वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं आणि नाव ठेवलं 'गार्डियन एंजल'. आमच्या धंद्यात उडी मारायला सांगणारे पुष्कळ भेटतात, छत्री शिवून देणारा एखादाच.

याच बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर एक जोडी तयार झाली. लक्ष्मणराव बळवंत फाटक रेल्वेत कारकून होते, नोकरी सोडून कंत्राटदार झाले. त्यांना मोजमाप कळत होतं, साहेबाच्या टेबलावरची भाषा कळत होती, भांडवल मात्र नव्हतं. ते आलं वालचंद हिराचंद दोशींकडून. वालचंद १८८२ चे, जन्म सोलापूरचा, घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार. कॉलेजात गेले, पण पदवीपर्यंत थांबले नाहीत. आजच्या भाषेत वालचंद फंड आणि फाटक प्रमोटर. आमच्या व्यवसायातला कोणी हे मान्य करणार नाही, कारण टर्म शीट, म्हणजे अटींचा कागद, नव्हती. माझ्या मते टर्म शीटपेक्षा मोठी गोष्ट होती: पैसे देणारा माणूस खडी टाकताना उन्हात उभा होता. पुढं १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजींबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन निघाली, त्याच वर्षी ५ एप्रिलला 'लॉयल्टी' बोट मुंबईहून इंग्लंडकडं निघाली; मग १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजांचा, आणि प्रीमियरच्या मोटारी. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. फाटकांचं नाव बहुतेक पुस्तकांत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

दुसऱ्या बाजूचं उदाहरणही आपल्याकडंच आहे. जुनी मिल, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग. १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांनी काढलेली. तिच्या भोंग्यावर शहर उठायचं, असं आजही सांगतात. त्या काळी गिरण्या मॅनेजिंग एजंट चालवत. मुंबईच्या सुरुवातीच्या गिरण्यांत एजंटाचं कमिशन ठरलेलं असे: रतलामागं पाव आणा. नफा होवो न होवो, माल निघाला की पाव आणा. हे वाचल्यावर मला आमच्या दोन टक्क्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. ज्याला उत्पादनावर पैसे मिळतात तो उत्पादन करतो, मग ते विकलं जावो की गोदामात कुजो. ज्याला फंडाच्या आकारावर पैसे मिळतात तो फंड मोठा करतो. कमिशनच्या तऱ्हा पुढं बदलल्या, पण ही एजंटपद्धत कायद्यानं जायला १९७० साल उजाडावं लागलं.

जुनी मिल १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. गैरकारभार हे कारण पुढं थेट कायद्याच्या कागदावर आलं, कारण १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारनं वटहुकूम काढून मिलचा कारभार हाती घेतला. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हरला. नंतर सरकारनं नेमलेल्या संचालकांनी प्राधान्य भागांवर उरलेले पैसे मागितले, तेव्हा दुसरा भागधारक, द्वारकादास श्रीनिवास, कोर्टात गेला आणि १९५३ च्या डिसेंबरमध्ये जिंकला. राज्यघटना शिकणारी मुलं अजून हे 'सोलापूर मिल'चे खटले वाचतात. आपल्या गावाचं नाव देशाच्या कायद्यात कायमचं गेलं, ते चादरीमुळं नाही. ज्यांचा पैसा होता त्यांना कोणी विचारलं नाही म्हणून.

आमच्या धंद्यातली जागतिक पातळीवरची मोठी माणसं पाहिली तर माहितीपत्रकात न छापलेला भागच मला वाचावासा वाटतो. ब्लॅकस्टोन ही जगातल्या सर्वांत मोठ्या फर्मपैकी एक. ती १९८५ मध्ये पीटर पीटरसन आणि स्टीफन श्वार्झमन यांनी चार लाख डॉलरवर सुरू केली. या श्वार्झमनच्या वडिलांचं फिलाडेल्फियात पडदे, चादरी आणि टॉवेलचं दुकान होतं. म्हणजे आपली कापडबाजाराची चाटी गल्लीच की! पोरगा दुकानात काम करायचा आणि वडिलांच्या मागं लागायचा की देशभर दुकानं काढू. नाही तर राज्यात काढू. निदान गावात आणखी एक काढू. वडील नाही म्हणाले. घर आहे, गाडी आहे, पोरांची शिक्षणं होतील, आणखी कशाला? ही हकिगत श्वार्झमननं स्वतःच्या पुस्तकात सांगितली आहे. कार्लाइल या दुसऱ्या मोठ्या फर्मच्या डेव्हिड रुबेन्स्टाइनचे वडील बाल्टिमोरला टपाल खात्यात होते. गंमत म्हणजे याच ब्लॅकस्टोननं २००७ मध्ये बंगळूरच्या गोकलदास एक्सपोर्ट्स या कपडे शिवणाऱ्या कंपनीचा ताबा घेतला आणि दहा वर्षांनी मोठा तोटा सोसून बाहेर पडली. कापडाच्या दुकानात वाढलेल्यालाही कापडानं सोडलं नाही.

आपल्याकडं रेणुका रामनाथ यांचं नाव या क्षेत्रात सर्वांत आदरानं घेतलं जातं. त्या मूळच्या टेक्स्टाइल इंजिनीयर, मुंबईच्या व्हीजेटीआयच्या. व्हीजेटीआय म्हटल्यावर सोलापूरच्या जुन्या गिरणी-माणसाचे कान टवकारतात. नंतर एमबीए केलं, १९८६ मध्ये आयसीआयसीआयत गेल्या, पुढं आयसीआयसीआय व्हेंचरच्या प्रमुख झाल्या आणि २००९ मध्ये, जग मंदीत असताना, ती खुर्ची सोडून मल्टिपल्स हा स्वतःचा फंड काढला. त्यांच्यानंतर आयसीआयसीआय व्हेंचरला आल्या विशाखा मुळ्ये, सीए. (माझ्या, म्हणजे सीएंच्या, जातीची एकच यशस्वी व्यक्ती सापडली म्हणून आवर्जून सांगतो.) त्याही आधीचे किरण नाडकर्णी. १९८८ च्या सुमारास आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्टनं मिळून टीडीआयसीआय ही देशातल्या पहिल्या व्हेंचर कंपन्यांपैकी एक काढली, तिचे ते प्रमुख होते. तेव्हा 'स्टार्टअप' हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं.

आणि विक्रम पंडित. जन्म नागपूरचा, शाळा दादरची, कोलंबियातून इलेक्ट्रिकल इंजिनीयरिंग आणि पुढं फायनान्समध्ये पीएचडी. मॉर्गन स्टॅन्ली सोडल्यावर २००६ मध्ये ओल्ड लेन हा हेज फंड काढला. २००७ मध्ये सिटीग्रुप या बँकेनं तो सुमारे ऐंशी कोटी डॉलरला विकत घेतला, त्याच वर्षअखेर पंडित सिटीचे प्रमुख झाले, आणि २००८ च्या जूनमध्ये सिटीनं तो फंडच गुंडाळला. मराठी दिवाळी अंकांत यांच्यावर पुष्कळ कौतुकाचे लेख आले. ओल्ड लेनचं काय झालं हे मी एकातही वाचलं नाही. आर्थिक संकटात त्यांनी वर्षाला एक डॉलर पगार घेतला, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच माणसाबद्दल लिहिता आलं पाहिजे.

माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्रमोटरची फाइल माझ्याकडं होती. परदेशी पदवी, मोठ्या कंपनीतला अनुभव, आणि बोलणं असं की ऐकतच राहावं. वडील आणि आजोबा दोघंही धंद्यातले. मी अहवालात 'प्रवर्तक सक्षम' असं लिहिलं. दोन वर्षांत कंपनी बुडाली आणि फंडाचे पैसेही. मागाहून कपाटातली फाइल काढून पाहिली तर सगळं विजेच्या बिलात होतं. माग चालला की युनिट पडतात. किलोमागं किती युनिट हे जुन्या फोरमनला तोंडपाठ असतं. कागदावर उत्पादन दीडपट झालं होतं आणि वीज होती तेवढीच. मी ती बिलं पाहिली होती, बेरीजही केली होती. भागाकार केला नव्हता. माणसाच्या बोलण्यानं मी इतका निवांत झालो होतो.

माझे वडील सुताच्या पेढीवर मुनीम होते. रात्री रोकड मोजताना ते दोनदा मोजायचे. एकदा मोठ्यानं, एकदा मनात. दुसऱ्या मोजणीच्या वेळी दुकानात कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही, शेठजींनाही नाही. एकदा सव्वा रुपया कमी आला, तर जेवायला घरी न येता रात्री अकरापर्यंत बसले. सापडला, एका गाठीच्या हमालीत. आई म्हणाली, सव्वा रुपयासाठी? ते म्हणाले, "आपला असता तर आलो असतो." हे मी कधी कोणत्या प्रश्नावलीत बसवू शकलो नाही.

अण्णांचा प्रश्न मात्र मी मोठ्या साहेबांना फोनवर विचारला. ते हसले, जरा थांबले. "बेस्टमध्ये कंडक्टर होते," म्हणाले, "का हो?" पंधरा दिवसांनी ते स्वतः सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं आले. अण्णांनी त्यांना अख्खा कारखाना फिरवला, सायझिंगपासून पॅकिंगपर्यंत, आणि शेंगाचटणी-कडक भाकरीचं जेवण घातलं. कंडक्टरच्या तिकिटांचा पेटारा, डेपोत रोज होणारा भरणा, कमी आलं तर कोणाच्या पगारातून जायचं, यावर दोघं तासभर बोलले. मला वाटलं, व्यवहार झालाच.

झाला नाही. शेवटी अण्णांनी विचारलं, "पैसे काढून कधी जाणार?" साहेबांनी खरं ते सांगितलं: पाच, फार तर सात वर्षं. मग हिस्सा कोणालातरी विकणार. कोणाला ते आज सांगता येणार नाही. अण्णा बराच वेळ मागांच्या खडखडाटाकडं कान देऊन बसले. "तुम्ही चांगले हाय," म्हणाले, "पण तुमच्यानंतर येणाऱ्याचे वडील काय करत होते, ते मला आज कोण सांगणार?"

साहेबांनी वाद घातला नाही. निघताना पॅकिंगच्या टेबलावरचे सहा टॉवेल निवडले. अण्णा पैसे घेईनात, तर म्हणाले, "घ्या. मला खर्च दाखवावा लागतो." अण्णांनी मुलाला हाक मारली, बिलबुक मागवलं आणि जीएसटीसह बिल फाडून दिलं.