घनाच्या वाटेवरचे गुरुजी

डिसेंबर-जानेवारीत भरतपूरची सकाळ धुक्यातच उजाडते. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी एकीकडे तिकिटाची रांग लागलेली असते आणि दुसरीकडे रिक्षांची. शालीत गुरफटलेले एखादे कुटुंब रिक्षात चढून बसते. मुलांचे डोळे अर्धवट मिटलेले, वडिलांच्या गळ्यात कॅमेरा, आईच्या मांडीवर पाण्याची बाटली आणि फराळाचा डबा. सरळसोट रस्त्याने रिक्षा निघते आणि थोडे अंतर जाते न जाते तोच थांबते.

रिक्षावाला एका जुन्या झाडाकडे बोट दाखवतो. मुलांना खोड दिसते, खोडातली ढोली दिसते, पण आणखी काहीच दिसत नाही. ‘‘ढोलीच्या काठाकडे बघत राहा,’’ तो हिंदीतून हळू आवाजात सांगतो. मुले बघत राहतात, आणि एकाएकी त्या करड्या सालीत दोन पिवळे डोळे उघडतात. पिंगळा! इतका वेळ तो तिथेच बसलेला होता. एकदा दिसल्यावर मात्र तो आधी दिसला कसा नाही, याचेच नवल वाटत राहते.

घनातली शाळा इथून भरते.

आसपासचे लोक या उद्यानाला ‘घना’ म्हणतात. घना म्हणजे दाट झाडीचे रान. कागदोपत्री नाव केवलादेव राष्ट्रीय उद्यान. आत केवलादेवाचे, म्हणजे शंकराचे, जुने देऊळ आहे, त्यावरून हे नाव पडले. क्षेत्रफळ अवघे २९ चौरस किलोमीटर. मुंबईतल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या एक तृतीयांशाहूनही लहान. पण एवढ्याशा जागेत साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

सूरजमलचा बांध

मराठी माणसाला भरतपूरचे नाव इतिहासाच्या पुस्तकापासून ठाऊक असते. १७६१ साली पानिपतावर सर्वनाश झाला आणि जखमी सैनिक, बायाबापड्या दक्षिणेच्या वाटेला लागल्या, तेव्हा भरतपूरच्या सूरजमल जाटाने त्यांना अन्नवस्त्र, औषधपाणी आणि आसरा दिला. याच सूरजमलच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पाण्यासाठी अजान बांध घालण्यात आला. जवळचा सखल भाग पुराच्या पाण्याने भरू लागला आणि त्यातून आजच्या घनाचा पाया घातला गेला.

म्हणजे जगभर नावाजलेले हे पाणथळ रान माणसाच्या हातचे आहे. पाणी बांधातून कालव्याने आत यायचे, लहान लहान बांधांनी ते वेगवेगळ्या तळ्यांत वाटले जायचे, दारे उघडून-मिटून त्याची पातळी राखली जायची. पाण्यात मातीचे उंचवटे करून त्यांवर बाभळी वाढवल्या गेल्या. भोवती पाणी आणि वर काटे असल्यावर घरट्यांना याहून चांगला पहारा कुठला? आजही पावसाळ्यानंतर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे यांची वसाहत या बाभळींवरच भरते. एकेका झाडावर इतकी घरटी, की पाने शोधावी लागतात.

दगडावर कोरलेले आकडे

केवलादेवाच्या देवळाजवळ दगडी फलक उभे आहेत. मुले मोठ्या उत्साहाने ते वाचायला धावतात आणि वाचता वाचता गप्प होतात. तारीख, प्रमुख पाहुण्यांचे नाव, बंदुकांची संख्या आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या, असा तो हिशेब आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ही संस्थानिकांची बदकांच्या शिकारीची जागा होती. व्हाइसरॉय आणि बडे पाहुणे आले की पाण्यावरून थवे उठवले जायचे आणि बंदुका सुरू व्हायच्या. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसाच्या नावापुढे आकडा आहे ४,२७३. त्या दिवशीचे पाहुणे होते व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो.

स्वातंत्र्यानंतर हे पाणी काढून घेऊन जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी जोर धरू लागली. त्या वेळी मुंबईचे पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी थेट पंतप्रधान नेहरूंपर्यंत धाव घेतली आणि घना वाचला. शिकार मात्र लगेच थांबली नाही. शेवटची मोठी शिकार १९६४ ची, आणि महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत टिकून होता. १९८१ मध्ये चिल्का सरोवराबरोबर घनाचा समावेश रामसर करारातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाला. भारतातल्या या पहिल्या दोन जागा. पुढे राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आणि १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला.

बंदुकांचा आवाज कमी होत गेला त्याच काळात इथे दुसरीच मोजदाद सुरू झाली होती. सालिम अली आणि त्यांचे सहकारी जाळ्यात पकडलेल्या बदकांच्या पायांत ॲल्युमिनियमच्या रिंगा अडकवून त्यांना सोडून देत. रिंगेवर क्रमांक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवण्याची विनंती. मुंबईचा पत्ता पायात घेऊन ही बदके हिमालय ओलांडून सोव्हिएत रशियापर्यंत जात, आणि तिथून रिंगांची खबर परत येई. भरतपूरच्या तळ्यातले बदक उन्हाळ्यात कुठे जाते, हे असे उलगडत गेले.

तीन चाकांवरची शाळा

आज घनात येणाऱ्याला ही सगळी माहिती सालिम अलींच्याच नावाने उभारलेल्या माहिती केंद्रात मिळते. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन, ऑक्टोबरात वन्यजीव सप्ताह, जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना, असे कार्यक्रम वर्षभर चालतात आणि शाळांच्या सहली येत राहतात. पण घनाचा खरा मास्तर केंद्राच्या भिंतीवर नाही. तो पॅडलवर पाय ठेवून उभा असतो.

मोटारींना मनाई असल्याने उद्यानात पायी, सायकलने किंवा रिक्षाने फिरायचे. रिक्षा ओढणारे बहुतेक जण भरतपूरचेच. त्यांत शीख मंडळीही बरीच. उद्यानाने त्यांना पक्ष्यांची ओळख करून देण्याचे प्रशिक्षण दिले, आणि पुढची विद्या त्यांनी रोजच्या फेऱ्यांतून स्वतःच कमावली. कोणत्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे, कोणत्या बिळाशी अजगर उन्हाला येतो, सारसाची जोडी सकाळी कुठे चरते, हे त्यांना तोंडपाठ. पक्ष्याचे नाव ते हिंदीत सांगतात, पाठोपाठ इंग्रजीत सांगतात, आणि समोर परदेशी पाहुणा असेल तर कधी त्याच्या भाषेतही. गेल्या काही वर्षांत बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षाही आल्या आहेत, पण शिकवण्याची पद्धत तीच राहिली आहे.

ही पद्धत पाहण्यासारखी आहे. ‘‘वो देखो बेटा, जांघिल,’’ म्हणून तो चित्रबलाक दाखवतो. लांब पिवळी चोच, पाठीशी गुलाबी पिसे. शेजारच्या मुग्धबलाकाला तो म्हणतो घोंघिल. का? चोचीच्या मधली फट दाखवून तो सांगतो, की हा घोंघे, म्हणजे गोगलगायी, फोडून खातो. नावातच अन्न आले! मग मुलांची आई पाण्यावरच्या काळ्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या पक्ष्याकडे बोट करून सांगते, की याला आमच्याकडे ‘वारकरी’ म्हणतात. कपाळाला गंध लावल्यासारखे दिसते ना, म्हणून. रिक्षावाला हसतो आणि तो शब्द एकदा घोकून पाहतो. अशी देवाणघेवाण झाली की सहलीची शाळा होते.

झाडांचेही तसेच. कदंब, जांभूळ, बोर, केर आणि पिलू ही इथली जुनी झाडे. उघड्या माळावरचे गवत उपटून हुंगायला दिले की घरातल्या माठाची आठवण यावी. तो वाळा असतो.

कुंपणाचा धडा

ही सलोख्याची स्थिती मात्र सहज आलेली नाही. भोवतालच्या गावांच्या गाई-म्हशी पिढ्यान्‌पिढ्या घनात चरत आल्या होत्या. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तज्ज्ञांच्या सल्ल्याने चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि काही गावकऱ्यांचे प्राण गेले.

पुढे जे घडले त्याने जाणकारांनाही विचार करायला लावले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० ते १९९० अशी दहा वर्षे इथे अभ्यास केला. म्हशी थांबल्या आणि पाण्यातले गवत बेसुमार माजले, असे त्यातून दिसले. तळ्यांचा उघडा पृष्ठभाग गवताने झाकत चालला आणि त्याचा त्रास पाणपक्ष्यांनाच होऊ लागला. ज्यांना घनाचे शत्रू समजून बाहेर काढले, त्यांची जनावरे नकळत तळी साफ ठेवत होती. नंतर गावकऱ्यांना विळे घेऊन गवत कापायला आत येऊ देण्यात आले. पुढे वेड्या बाभळीने रान व्यापायला सुरुवात केली, तेव्हा तिची मुळे खणून काढायचे काम गावांच्या समित्यांकडेच दिले गेले. रान मोकळे झाले आणि गावकऱ्यांना लाकूड मिळाले.

पाणी कोणाचे?

घनाचे सर्वांत मोठे दुखणे पाण्याचे. वर करौली जिल्ह्यात गंभीर नदीवर पांचना धरण झाले. २००४ च्या सुमाराला पाऊस ओढला, तेव्हा धरणाचे पाणी शेताला द्यायचे की पक्ष्यांना, हा प्रश्न उभा राहिला. शेतकऱ्याची बाजू खोटी नव्हती. पण घनाच्या तळ्यांना भेगा पडल्या, चित्रबलाकांच्या बाभळी ओस पडल्या. पाहुणे येईनात, तेव्हा रिक्षाचे चाकही थांबले. उद्यानाला वर्षाला साधारण साडेपाचशे दशलक्ष घनफूट पाणी लागते. ते आता गोवर्धन नाल्याचे पुराचे पाणी आणि चंबळची जलवाहिनी यांच्या आधाराने जुळवावे लागते. तळी पुन्हा भरली, तसे पक्षीही परतले.

एक पाहुणा मात्र परतला नाही. सायबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, लाल तोंडाचा हा पक्षी हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यात इथे येई. १९६० च्या दशकात त्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. वाटेतली शिकार आणि आटणारी पाणथळे यांनी ती घटत गेली. २००२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली. त्यानंतर भारतात तो कोणी पाहिला नाही. जुने रिक्षावाले त्याची जागा आजही दाखवतात. तिथे पाणी असते, गवत असते. पाहुणे दुर्बीण लावतात आणि खाली ठेवतात.

कसे जाल, केव्हा जाल?

भरतपूर स्थानक मुंबई-दिल्ली लोहमार्गावर, कोटा आणि मथुरा यांच्या दरम्यान आहे. स्थानकापासून उद्यान पाच-सहा किलोमीटर. आग्रा सुमारे ५५ किलोमीटर, त्यामुळे ताजमहाल आणि फत्तेपूर सिक्री पाहायला निघालेल्या कुटुंबाला एक दिवस सहज काढता येतो. ऑगस्टपासून घरट्यांचा हंगाम आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी परदेशी बदकांचा. थंडी कडक असते, लोकरी कपडे हवेतच. भडक रंग टाळावेत, दुर्बीण असल्यास न्यावी आणि पहाटेची वेळ चुकवू नये. पिंगळ्याच्या ढोलीजवळ तर बोलणेही नको.

आणि एवढ्या लांब जाणे जमत नसेल, तर नाशिक जिल्ह्यात गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूर-मधमेश्वर आहे. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ अशी त्याची ओळख. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ. तेही घनासारखेच माणसाने घातलेल्या बंधाऱ्यातून झालेले. तिथेही गावातलीच तरुण मुले पाहुण्यांना पक्षी दाखवतात.

दुपारी घनातले धुके विरते. रिक्षा परतीला लागते. सकाळी पेंगणारी मुले आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत असतात. त्या जुन्या झाडापाशी आल्यावर तीच रिक्षा थांबवायला लावतात. समोरून दुसरे कुटुंब येत असते. धाकटा ओठांवर बोट ठेवून त्या रिक्षातल्या मुलीला खुणावतो, मग ढोलीकडे बोट दाखवतो. तिला खोडच दिसते.

‘‘बघत राहा,’’ तो हळूच सांगतो.