दहा वर्षांची बॅटरी

पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ साली आली आणि आमच्या उचगावच्या घरावरही सौर पॅनेल चढली. छतावर ऊन आहे म्हणजे आता लाईट जाणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. महावितरणच्या तारेला जोडलेली साधी यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद होते. खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. बॅटरी आणि तिला चालणारा इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो.

आमच्या सौ.ला रात्री ऑक्सिजनचं यंत्र लागतं. साधारण ३५० वॅटचं. चार तास चालवायचं तर जवळजवळ दीड युनिट हवं.

वही घेऊन हिशेब मांडला. जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शोधली. ती स्वस्त, कुठल्याही मेकॅनिकच्या ओळखीची, आणि जुनी झाली तरी मोड येते. पण १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांत कागदावर ३.६ युनिट असली, तरी निम्म्याहून जास्त उपसली की आयुष्य घटतं. डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हायड्रोजन सुटतो म्हणून हवेशीर जागा बघायची, आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा खरेदी.

लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी महाग. पण अडीच युनिटांतली दोन बिनघोर वापरता येतात. पाणी नाही, वजन कमी, आणि दहा वर्षं सहज चालते.

इथेच पेन थांबलं. पंचाहत्तरीत दहा वर्षांची वस्तू कुणासाठी घ्यायची? सौ.ला म्हटलं, स्वस्तातली घेऊ, आपल्याला पुरेल.

ती म्हणाली, "अहो, तुम्ही नसलात तर त्या बॅटरीत पाणी कोण घालणार? माझे गुडघे वाकतात का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लिथियम घेतली.

नंतर वाचनात आलं, की या बॅटरीचं रसायन जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली जगापुढे मांडलं, तेव्हा गुडइनफ चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं २०१९ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी! वाचून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मात्र घरात ठेवला आहे. त्याच २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरासारखे दिवस आले, तर ढगांखाली पॅनेल तरी किती वीज देणार?

असो. तुम्ही बॅटरी घ्यायला निघाला असाल तर किंमत अवश्य विचारा. पण घरात तिची देखभाल कोण करणार, हे त्याआधी विचारा.