रामटेकचा अडुळसा आणि नातवंडांचा खोकला

त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर यात्रा भरते, त्याच सुमारास विदर्भात गारठा पडू लागतो आणि घरोघरी मुले खोकू लागतात. पानमळ्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध असलेल्या या गावात कोमट केलेले नागवेलीचे पान छातीवर ठेवणे, अडुळशाचा रस, तुळशीचा काढा हे उपाय आजी-आजोबांच्या ओठांवरच असतात.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील वीसहून अधिक बालके खोकल्याच्या भेसळयुक्त औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य यंत्रणेने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे बजावले. साहजिकच अनेकांची पावले पुन्हा अंगणातील झाडांकडे वळली.

परंतु वनस्पती म्हणजे निर्धोक, असे नव्हे. अडुळशातील वासिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे आधुनिक औषध घडवले गेले. ज्यात गुण आहे, त्याला मात्राही आहे. आणि घरी पिळलेल्या रसात ती मोजता येत नाही. म्हणून लहानग्यांना तो वैद्यांच्या सल्ल्याविना देऊ नये. पान छातीवर ठेवायचेच असेल, तर ते चटका बसणार नाही इतपतच कोमट असावे. कापूर मात्र बाळापासून दूरच ठेवावा. तो पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. ओव्याची धुरी खोकला वाढवते.

आधार आहे तो मधाला. एक वर्षावरील मुलास झोपताना अर्धा चमचा मध दिल्यास रात्रीचा खोकला हलका होतो. वर्षाखालील बाळाला मात्र मध चाटवूसुद्धा नये. त्यातून बोट्युलिझम हा घातक आजार संभवतो. अशा बाळास आईचे दूध वारंवार पाजावे.

सर्दीचा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआप शमतो. तोवर घरातील ज्येष्ठांनी एक काम अवश्य करावे: मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाखाली ५० आणि पाच वर्षांखाली ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरले, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, ओठ निळसर दिसले, मूल पिईनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर काढा उकळत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.