एका रात्रीवरचं नागपूर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कारखाने उभे राहिले तशी विदर्भ-खानदेशातली माणसं पोटापाण्यासाठी इकडे आली. आमचे बाबा त्यांतलेच, नागपूरचे. सिडकोच्या घरांत वाढलेल्या आम्हा भावंडांना नागपूर किती किलोमीटरवर आहे, हे कुणी कधी सांगितलंच नाही. नागपूर एका रात्रीवर होतं, बस.

रेल्वेच्या हिशेबात नाशिकरोड ते नागपूर साधारण 650 किलोमीटर. विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने अकरा-बारा तास. आमचा प्रवास मात्र आदल्या दिवशीच स्वयंपाकघरात सुरू व्हायचा. तिखटामिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, फिरकीच्या तांब्यात पाणी. रिक्षात ट्रंक आडवी आणि तिच्यावर आम्ही. मनमाडला बाबा पाणी भरायला उतरले की ते परत चढेपर्यंत आईच्या जिवात जीव नसे. शेगावला सगळा डबा घोरत असे. आई मात्र नेमकी उठायची आणि झोपेतच आमचे हात जोडून घ्यायची. गजानन महाराजांना आमचा तो नमस्कार पोचला असेलच. वर्धा आलं की सगळ्यांच्या डोक्यांवरून एकच कंगवा फिरायचा.

विमानं आम्हाला नवीन नव्हती. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना 1964 पासूनचा, मिग विमानांचा. ती डोक्यावरून कडाडत गेली की पतंग सोडून आम्ही वर बघायचो. त्यात कधी आपण बसू, असं काही वाटायचं नाही.

त्या एका रात्रीचं कौतुक मला एका मर्यादेपर्यंतच आहे. नागपूरहून आबाजी, म्हणजे आमचे आजोबा, गेल्याची तार आली तेव्हा बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते. निरोप पोचून ते घरी येईपर्यंत रात्रीची गाडी निघून गेली होती. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंबडमधल्या कितीतरी घरांत अशी एक तार असेल. लग्नाला, बारशाला आठ दिवस रजा टाकून जाता येई. मरण रजा विचारून येत नाही.

2023 च्या मार्चमध्ये ओझरहून नागपूरला विमान सुरू झालं. दोन तासांच्या आत नागपूर! भाच्याने तिकीट काढलं, तर बाबा हिशेब घेऊन बसले. अंबड शहराच्या या टोकाला, ओझर त्या टोकाला. द्वारका चौकातली कोंडी, तासभर आधी हजेरी, तिकडे सोनेगाव विमानतळावरून घर. "अर्धा दिवस जातोच की रे," म्हणाले. जातो, पण रात्र वाचते. 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गही पूर्ण खुला झाला, 701 किलोमीटरचा. आता भाचे म्हणतात, गाडीनेच जाऊ.

आईची अडचण वेगळीच. विमानात तिने विचारलं, "शेगाव कधी येतं गं?" नकाशावर पाहिलं तर ते खरोखरच जवळपास अर्ध्या वाटेवर पडतं. तिने अंदाजाने हात जोडले. पण परतीला मामी लोणच्याची बरणी, लाखोळीची डाळ, सांडगे, कुरडया बांधून देणार, आणि विमानात सामान वजन करून घेतात. तोडगा तिनेच काढला: जाताना विमान, येताना सेवाग्राम. खालचा बर्थ मिळाला पाहिजे, एवढीच तिची अट.