हाताला ओळखीचे घर

आलापल्ली मागे पडली की सागाचे रान रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दाटत जाते. तेथून हेमलकसा सुमारे ६० किलोमीटर. वाटेत लहान लहान गावे, कापणी झालेली धानाची शेते, शेतातही राखलेली मोहाची झाडे आणि काही गावांच्या वेशीबाहेर मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड. हेमलकसा ओलांडले की पर्लकोटा नदी लागते आणि पलीकडे भामरागड. येथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावाचा जगाशी संपर्क तुटतो. हिवाळ्यात मात्र हाच संगम इतका शांत असतो की पलीकडच्या काठावरची हाक ऐकू यावी.

गेल्या हिवाळ्यात आरोग्य तपासणीच्या निमित्ताने मी या भागात चार दिवस होतो. एका माडिया गावात दुपारी आम्ही एका वृद्ध गृहस्थांना पाहण्यासाठी त्यांच्या घरी गेलो. सोबत गावातील आशाताई होत्या. माडिया बोली मला येत नाही, त्यामुळे बोलणे त्यांच्यामार्फत चालले होते.

बांबूच्या कुडाला माती लिंपलेले घर, वर कौले, दार इतके ठेंगणे की वाकूनच आत जावे. आत एका बाजूला चूल, तिच्याजवळ बाज. आढ्याला टांगलेले भोपळ्याचे तुंबे, भिंतीला खोचलेली कोयती, कोपऱ्यात धानाची कणगी, तिच्याखाली एक कोंबडी. खिडकी नव्हती. उन्हातून आत आल्यावर मला काही दिसेना. आजोबा बाजेवर बसून सालीचा दोर वळत होते. आम्हाला पाणी देण्यासाठी ते उठले, चार पावले चालले, वर हात नेला आणि नेमका तुंबा काढला. त्यांचे डोळे तपासले तेव्हा कळले की दोन्हीकडे मोतीबिंदू पूर्ण पिकलेला आहे. त्यांना उजेड आणि अंधार एवढाच भेद कळत होता.

शस्त्रक्रियेबद्दल मी त्यांच्या मुलाशी बोललो. परंतु मनात दुसराच प्रश्न घोळत राहिला. जवळजवळ न दिसणारा हा माणूस येथे सहज वावरतो. उद्या त्याला माझ्या घरी नेऊन ठेवले तर काय होईल? उत्तर मला ठाऊक होते, कारण ते माझ्याच घरी घडत होते.

त्यापूर्वीच्या पावसाळ्यात मी आईला ब्रह्मपुरीजवळच्या गावातून माझ्याकडे आणले होते. वय ८१, गुडघे दुखणारे, वडील गेल्यापासून घरात एकटी. एक डॉक्टर करील ते सारे मी केले. उंची कमी-जास्त होणारा पलंग आणला, खोली रिकामी केली, पांढऱ्या चादरी घातल्या, औषधांसाठी एक लहान टेबल ठेवले. तिची लोखंडी पेटी, सूप, पानाचा डबा, बसायची ठेंगणी खुर्ची हे सर्व गावच्या घरी कुलूपबंद राहिले. जुन्या वस्तूंवर धूळ बसते, माणूस अडखळतो, असे माझे म्हणणे. तिने विरोध केला नाही. दोन महिन्यांत तिचे बोलणे कमी झाले, जेवण निम्म्यावर आले. संध्याकाळी ती विचारायची, “आपन घरी कधी जायचं रे बाबू?” मी स्मृतिभ्रंशाची चाचणी केली, रक्त तपासले, थायरॉइड पाहिले. सारे वयाच्या मानाने ठीक होते. तिच्या आजाराचा शोध मी तिच्या शरीरात घेत होतो. तिच्या खोलीकडे मी पाहिलेच नव्हते.

या जिल्ह्याने डॉक्टरांना हा धडा पूर्वीच दिला आहे. हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे आयुष्य घातले. सुरुवातीला माडिया लोक डॉक्टरांकडे येतच नसत. आमटे दांपत्याने त्यांची भाषा शिकून घेतली, राहणीतले अंतर कमी केले, तेव्हा रुग्ण येऊ लागले. रुग्णाबरोबर घरची माणसे येतात, आवारातच राहतात, चूल मांडून आपले अन्न आपण शिजवतात. त्या दुपारी मी तेथे पाहिले तेव्हा बाजेवरच्या रुग्णाशेजारी नातू खेळत होता.

परतताना गडचिरोलीहून धानोरा रस्त्यावरील शोधग्रामला गेलो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. रुग्णालय कसे हवे, हे त्यांनी गोंड लोकांनाच विचारले. लोकांनी सांगितले, मोठ्या इमारतींची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांत वावरणारी माणसे पाहून मृत्यूची आठवण होते. आपल्या माणसाला एकटे टाकून बाहेर थांबावे लागते. म्हणून तेथे झोपड्यांच्या वस्तीसारखे रुग्णालय उभे राहिले, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहण्याची सोय झाली आणि लोकांच्या इच्छेनुसार देवीचे नाव दिले गेले, माँ दंतेश्वरी. हे सारे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आईच्या पलंगावरची पांढरी चादर येत होती. अनोळखी माणसांसाठी रुग्णालयाचे घर करण्यात आले होते आणि मी माझ्या आईसाठी घराचे रुग्णालय केले होते.

वैद्यकीय दृष्टीनेही यात तथ्य आहे. कालची गोष्ट विसरणाऱ्या माणसाच्याही हातांची सवय बराच काळ टिकते. डबा कोठे, दिव्याचे बटण कोठे, पलंगावरून उठल्यावर कोणता हात कशावर टेकायचा, हे हात जाणतात. सर्व वस्तूंच्या जागा एका दिवसात बदलल्या की ही शिदोरी हिरावली जाते. माणूस गोंधळतो आणि पडतोही. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील एका वृद्धनिवासात प्रयोग केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले की खोली कशी मांडायची ते तुम्ही ठरवा, आणि प्रत्येकाला सांभाळण्यासाठी एक रोपटे दिले. दुसऱ्या मजल्यावर सांगितले की तुमची सर्व काळजी आम्ही घेऊ. त्यांच्या रोपट्यांना पाणीही परिचारिका घालत. तीन आठवड्यांनी पहिल्या गटातील वृद्ध अधिक आनंदी, अधिक सावध आणि अधिक हालचाल करणारे आढळले.

याचा अर्थ जुने ते सारे जपावे असा नव्हे. त्या माडिया घरातील धुरामुळे आजोबांच्या छातीत घरघर होती आणि खिडकी असती तर बरे झाले असते, हेही मला सांगितलेच पाहिजे. वृद्ध डोळ्यांना उजेड अधिक लागतो. साठीनंतर तरुणपणीच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश डोळ्यांच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. तेव्हा पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री मंद दिवा असावा, न्हाणीघरात आणि शौचालयात आधाराचे दांडे असावेत, सरकणाऱ्या सतरंज्या आणि वाटेतल्या तारा काढाव्यात. मात्र हे बदल एकेक करून, त्या व्यक्तीला विचारून करावेत. खोली रंगवायची असेल तर रंग त्यांना निवडू द्यावा. धोक्याची वस्तू काढायची असेल तर कारण सांगावे आणि तिच्या जागी काय हवे ते विचारावे.

भामरागडहून परतल्यावर मी एक रविवार आईला घेऊन गावी गेलो. काय न्यायचे ते तिने ठरवले. तिने मागितलेल्या वस्तू पाहून मी चकित झालो. देव्हारा आणि वडिलांचा फोटो मी गृहीत धरला होता; परंतु तिने आधी सूप काढले, मग पानाचा डबा, मग हात झिजून गुळगुळीत झालेली ठेंगणी खुर्ची. खुर्ची तिच्या गुडघ्यांसाठी फारच खाली होती. तिला विचारून सुताराकडून चार इंच उंच करून घेतली. पेटी पलंगाच्या पायथ्याशी, चालण्याच्या वाटेबाहेर ठेवली. पांढरी चादर जाऊन तिची गोधडी आली. आठवड्याचे तांदूळ निवडण्याचे काम तिने स्वतःच मागून घेतले. पत्नीने ते आनंदाने सोपवले.

चमत्कार काही झाला नाही. गुडघे दुखतातच, रात्रीची झोप तुटकच आहे. एखाद्या संध्याकाळी ती अजूनही घरी जायचे विचारते, आणि त्या प्रश्नावर माझ्याकडे औषध नाही. मी तिच्याजवळ बसतो आणि गावच्या घरातील कोणत्या खोलीत काय होते ते विचारतो. ती सांगत राहते. जेवण मात्र वाढले आहे.

ज्यांच्या घरी वृद्ध माणसे नव्याने राहायला आली आहेत, त्यांना मी आता औषधांच्या यादीबरोबर एक प्रश्न विचारतो: या खोलीत त्यांनी स्वतः ठेवलेली वस्तू कोणती? आणि जे स्वतः मुलांकडे राहायला गेले आहेत त्यांना सांगतो की संकोच करू नका. आपली पेटी, आपला डबा, आपली खुर्ची मागून घ्या. हा हट्ट नव्हे, ती प्रकृतीची गरज आहे.

परवा घर झाडताना मी आईची खुर्ची खिडकीकडे सरकवली होती. दुपारी दवाखान्यातून आलो तेव्हा ती पुन्हा जुन्या जागी होती. “इथून हलवू नको,” आई सुपातून नजर न काढता म्हणाली. ते ऐकून मला फार बरे वाटले.