माझा व्यवसाय कोणता?

मुंजीच्या किंवा लग्नाच्या पंक्तींत मला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : “तुम्ही करतां तरी काय?” मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहें असें सांगितलें, कीं “म्हणजे फिजिओथेरपीच ना?” हा दुसरा प्रश्न ठरलेलाच. मराठींत या शास्त्राला ‘व्यवसायोपचार’ असा भारदस्त शब्द आहे खरा. पण त्यानें घोटाळा वाढतोच. एका सद्गृहस्थांनीं तर तो ऐकून, आपल्या बेकार पुतण्याला कुठें चिकटवून देतां येईल कां, अशी माझ्याकडे चौकशी केली होती!

पहिल्या पहिल्यानें या प्रश्नांचा मला राग येई. खरें कारण असें, कीं मला व्हावयाचें होतें डॉक्टर. गुण थोडे कमी पडले म्हणून मी या वाटेला आलें. आमचे आजोबा शेवटपर्यंत माझी ओळख ‘आमची डॉक्टर नात’ अशीच करून देत, आणि मींहि ती चूक कधीं दुरुस्त केली नाहीं. स्वतःच्या व्यवसायाचें नांव उच्चारतांना जिची जीभ अडखळते, तिनें लोकांवर रागवावें, ही गंमतच म्हणावयाची.

वस्तुतः या व्यवसायाची परंपरा लाज वाटावी अशी मुळींच नाहीं. १९१७ सालीं अमेरिकेंत या उपचाराच्या प्रसारासाठीं एक संस्था निघाली. आपल्याकडे हें शास्त्र रुजविलें तें कमलाबाई निंबकर यांनीं. त्या जन्मानें अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लंडी. निंबकरांच्या घरांत सून म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५० सालीं त्यांनीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विषयाची आपल्या देशांतील पहिली शाळा सुरू केली. आणि १९५२ मध्यें या व्यवसायाचा जागतिक संघ ज्या दहा देशांनीं स्थापिला, त्यांत भारतहि होता. हा सारा इतिहास मला परीक्षेपुरता पाठ होता. त्याचा माझ्याशीं कांहीं संबंध आहे, असें मात्र वाटत नसे.

तो संबंध जुळला एका आजींच्या घरीं. पुण्यांतल्या एका जुन्या वाड्यांत त्या राहत. वय अठ्ठ्याहत्तर. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेलेली. पाय काठीच्या आधारानें चालूं लागला होता, हात मात्र निर्जीवच. दुबळ्या हातांत बाही आधीं घालावी आणि काढतांना ती शेवटीं काढावी, हा आमचा पहिला धडा. पण जन्मभर नेसलेलें नऊवारी लुगडें एका हातानें नेसावयाचें कसें? गांठ कशी मारावयाची, निऱ्या कशा धरावयाच्या? मीं सरळ पुढून उघडणारा गाऊन सुचविला. आजींनीं कुरकुर केली नाहीं. पंधरा दिवसांत त्या तो आपला आपण घालूं लागल्या. आमच्याकडे बार्थेल यांच्या नांवाची एक मोजणी असते. दहा बाबी, एकूण गुण १००, त्यांत पोषाखाला १०. मीं पोषाखापुढें १० लिहिले आणि समाधानानें घरीं आलें.

पुढच्या खेपेस सूनबाईंनीं मला बाजूला घेतलें. “ताई, आई हल्लीं बाहेरच्या खोलींत येतच नाहींत. पूर्वीं रोज संध्याकाळीं झोपाळ्यावर बसत, शेजारच्या बायका येत. आतां कोणी आलें, कीं आंत जाऊन दार लोटून घेतात.”

मीं आजींना विचारलें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग गाऊनची बाही चिमटींत धरून म्हणाल्या, “ह्या झग्यांत चारचौघांत कशी बसूं, बाळ? दिवसभर झोंपून उठल्यासारखें वाटतें.”

मला मेल्याहून मेल्यासारखें झालें. महिनाभर मी त्या घरीं जात होतें, आणि तुम्हांला काय करावेंसें वाटतें, हें एकदांहि विचारलें नव्हतें. आमच्या शास्त्रांत पहिला प्रश्न तोच शिकवितात!

मीं शिवलेल्या नऊवारीची गोष्ट काढून पाहिली. तशा हल्लीं बाजारांत मिळतात. “त्या नाचाच्या कार्यक्रमांतल्या पोरींना,” असें म्हणून आजींनीं ती निकालांत काढली. मग आम्ही कामाला लागलों. गांठीऐवजीं कमरेला वेल्क्रोचा रुंद पट्टा. लुगडें त्यांत खोंचावयाचें. निऱ्या खाटेच्या कडेला बसून, मांडीवर घालावयाच्या. पण डाव्या हातानें एक निरी घालावी, तों आधीची सुटे. मीं कपडे वाळत घालावयाचे चिमटे नेले. ते उडूं लागले. चवथ्या दिवशीं आजींनीं वैतागून डाव्या हातानें आपला उजवा हात उचलला आणि निऱ्यांवर ठेवून दिला. “काम करीत नाहीं तर नाहीं, निदान बसून तरी राहील मेला!” निऱ्या जागच्या हलल्या नाहींत. दुबळा हात वजनासारखा वापरावा, हें माझ्या पुस्तकांत होतें. मीं मात्र तो महिनाभर लाकडी खुंट्यांशीं झगडत ठेवला होता.

पहिल्यांदा पाऊण तास लागला, पुढें वीस मिनिटें. कासोटा तेवढा मागें खोंचतां येईना, तोल जाई. तो सूनबाई खोंचीत. एका संध्याकाळीं मी गेलें, तों आजी झोपाळ्यावर, चापूनचोपून नेसलेल्या. शेजारणींना म्हणाल्या, “ही डॉक्टर नव्हे हो. हिनें मला लुगडें नेसायला शिकवलें.” आजोबांची चूक अशी परभारें दुरुस्त झाल्याचें मला मुळींच वाईट वाटलें नाहीं.

मोजणीचा नियम असा, कीं दुसऱ्याची मदत लागली तर पोषाखाचे गुण ५. मीं १० खोडून ५ लिहिले. “रुग्ण खालावला?” वरिष्ठांनीं विचारलें. त्यांना सारी हकीकत सांगतां सांगतां चहा गार झाला.

गेल्या महिन्यांत एका मुंजींत शेजारच्या पानावरच्या बाईंनीं तोच प्रश्न केला. या वेळीं मीं १९५० साल सांगितलें नाहीं कीं कमलाबाईंचें नांव; नुसती आजींची गोष्ट सांगितली. त्यांनीं हातांतला घांस तसाच धरून ती ऐकली, आणि विचारलें, “पण सूनबाई माहेरीं गेल्या, म्हणजे कासोटा कोण खोंचतें?”

त्याचीच आतां आम्ही तयारी करीत आहोंत.